लाल गाडी विलंबाने धावत आहे

सकाळी दूध येऊन गेलं की खाली ओट्यावरून आवाज यायचा : "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. परळीहून थर्मलमार्गे पुन्हा परळीला जाणारी लाल गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे."

फलाट क्रमांक एक म्हणजे घरापुढची फरशी. प्रवासी म्हणजे मी, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. आणि आवाज आमच्या घरमालकांचा, तात्यांचा.

तात्यांनी उभी नोकरी एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसायचं, गाड्या नोंदायच्या आणि माईकवरून पुकारायच्या. नाकातून, शेवटचं अक्षर लांबवत. निवृत्तीच्या दिवशी माईक सुटला, पण नाक त्यांच्याकडेच राहिलं. काकूंना भाजीत मीठ जास्त झालंय हेसुद्धा ते त्याच आवाजात कळवत. बाकी बोलणं मात्र अस्सल आपल्याकडचं. गंमत अशी की हजारो गाड्या पुकारलेल्या या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. "जन्मभर दुसऱ्याला बसवून दिलं सर," ते मला म्हणाले होते, "आता मपली गाडी, मपलं तिकीट."

निवृत्तीनंतर कुणी प्लॉट घेतं, कुणी काशीला जातं. तात्यांनी आधी ड्रायव्हिंग शिकून घेतलं आणि मोटार आणली, तीही शर्यतीची. सत्तर वर्षांपूर्वी विलायतेत पळणारी, बिनटपाची, दोघांपुरती, लांब नाकाची गाडी. म्हणजे तिची प्रतिकृती. पुण्याकडच्या एका हौशी माणसानं फायबरचं अंग ओतून घेतलं होतं. आतली हाडं जुन्या जीपची, इंजिन निकालात निघालेल्या व्हॅनचं, आरसे मोटारसायकलचे आणि पेट्रोलच्या टाकीचं टोपण ट्रॅक्टरचं. तात्या तिला ट्रकवर घालून घेऊन आले. काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "हिचं वरचं कधी यायचंय?"

गावानं लगेच नाव ठेवलं, 'डुप्लिकेट'. हा शब्द तात्यांना फार लागायचा. आमच्या कॉलेजातले एक प्राध्यापक मुद्दाम ओट्यावर येऊन म्हणाले, "तात्या, गाडी झकास हाय. पण डुप्लिकेट हाय म्हंतेत."

तात्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "तुमी वैजनाथाला जाता का?"

"दर सोमवारी जातो की."

"तिकडं झारखंडातले लोक म्हंतात, खरा वैजनाथ आमच्याकडं हाय. मग तुमी दर सोमवारी डुप्लिकेटला बेल वाहता का बे?"

प्राध्यापक कानाला हात लावून गेले. परळीत या मुद्द्यावर कुणाचं काही चालत नाही.

गाडी सांभाळायची तात्यांची रीत वेगळीच. थर्मलची, म्हणजे औष्णिक वीजकेंद्राची राख रात्रीतून गावभर बसते. तुळशीवर, वाळवणावर, तशी ती लाल रंगावरही बसायची. ती कोरड्या फडक्यानं पुसली तर रंगावर ओरखडे पडतात. म्हणून आधी पाण्याचा शिडकावा, मग ओलं पिवळं फडकं, तेही एकाच दिशेनं. मला त्यांनी हे काम दिलं होतं. मी कॉलेजचा ग्रंथपाल, एकटा, बोलायला बेताचा. पुस्तकांवरची धूळ झटकणारा माणूस इथं बरा चालेल असं त्यांना वाटलं असावं. मलाही बरं वाटायचं. माझ्या खोलीत संध्याकाळी दुसरं काही घडत नसे.

ही गाडी बिघडली की कशी बिघडायची ते सांगतो. ज्यानं पहिलं वायरिंग केलं, त्यानं लोखंडी गाड्यांच्या सवयीनं दिव्यांची अर्थिंगची तार सरळ गाडीच्या अंगाला आवळून टाकली. अंग फायबरचं, त्यातून वीज जाणार कशी? ती मग सापडेल त्या वाटेनं परत जायची. एक दिवस तात्यांनी ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजला. हॉर्न दाबला तर पुढचा डावा दिवा डोळा मारायचा. सलीम मिस्त्रींनी गाडीखाली डोकं घालून पाहिलं आणि हसत बाहेर आले.

"तात्या, इसका तो ब्रेक बोलताय."

"बोलू द्या," तात्या म्हणाले. "थांबताना बी लोकांना सांगायला पायजे."

आणि खरंच, त्यांनी ते तसंच ठेवलं. गणेशपारापाशी ते थांबले की अख्खा बाजार वळून पाहायचा. शेवटी दवाखान्यापुढं थांबल्यावर एका नर्सनं त्यांना झापलं, तेव्हा कुठं प्रत्येक दिव्याला वेगळी तार ओढून ती खाली जीपच्या सांगाड्याला बांधली गेली.

तात्या एक वाक्य कधीच उच्चारत नसत : 'गाडी बंद पडली.' स्टँडवर ते कधी म्हणाले नव्हते, इथंही नाही. धूर निघत असला, बॉनेट उघडं असलं, मी मागून ढकलत असलो, तरी विचारणाऱ्याला उत्तर एकच, "गाडी विलंबाने धावत आहे."

आता काकू. काकूंचं माहेर युसूफ वडगाव. भाऊ एक, बागायतदार, मोठ्या पांढऱ्या गाडीतून फिरणारा, सरपंच-सभापतींत ऊठबस असलेला. दरवर्षी नागपंचमीला तो मुराळी म्हणून बहिणीला न्यायला यायचा आणि गाडीतून उतरता उतरताच सुरू करायचा, "दाजी, तुमची सर्कस चालू हाय का बंद?" तात्या हसायचे. पण तो गेल्यावर ते बराच वेळ बॉनेट पुसत बसायचे.

काकू लाल गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या. कारण त्यांनी एकदा मलाच सांगितलं. "सर, लग्न झाल्यापासून ह्यांनी मला प्रत्येक पंचमीला दुसऱ्याच्या गाडीत बसवून दिलं. आधी एस.टी.त, मग भावाच्या. कधी सोबत आले न्हाईत, ड्युटी होती. आता ड्युटी न्हाई. म्या ह्या गाडीत बसंन ती एकदाच बसंन, अन् उतरंन ती माहेरच्या दारात. मधी कुठं धक्का माराया उतरायची न्हाई."

त्या वर्षी संक्रांतीला तात्यांनी मेहुण्याला फोनवर सांगून टाकलं, "यंदा मुराळी पाठवू नका. तुमची बहीण मी आणून सोडतो." फोन ठेवल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून नाकातून म्हणाले, "परळी ते युसूफ वडगाव. विनाथांबा." काकू पोळी लाटत होत्या, थांबल्या नाहीत. पण भावजयीला, वडगावातल्या मैत्रिणींना, सगळ्यांना त्यांनी फोन केले ते मी जिन्यावरून ऐकले. आता माघार नव्हती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी गाडीची मोठी झाडलोट चालली होती. ट्रॅक्टरच्या टोपणाला वर बारीक भोक होतं. वळणावर त्यातून पेट्रोल उडायचं आणि नव्या रंगाला डाग पडायचे, म्हणून तात्यांनी ते भोक डेंटरकडच्या लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवून टाकलं आणि वरून लाल रंगाचा हात दिला. मग मला टाकीत कॅन रिकामा करायला सांगून ते चहाला आत गेले. पेट्रोल बाहेर सांडू नये म्हणून मी टाकीच्या तोंडाला पिवळं फडकं लावलं. कॅन जड. हात हलला आणि फडकं सरकून आत गेलं.

मी बोटं घातली. काठी घातली. आत नुसतं डुबुक झालं. तात्यांची चाहूल लागली तसं मी टोपण लावून टाकलं.

"झालं का?"

"झालं."

एवढंच बोललो. सांगायला काय लागत होतं? ते रागावलेही नसते. पण माझा स्वभाव असा की जी गोष्ट पहिल्या श्वासाला सांगितली नाही, ती मग सांगता येत नाही. प्रत्येक दिवसाबरोबर ती फुगत जाते.

पाडव्याच्या पूजेनंतर गाडी हार घालून निघाली आणि कन्हेरवाडीच्या अलीकडं गचके खात उभी राहिली. तात्या उतरले. स्टँडवर ड्रायव्हर बिघाडाची तक्रार घेऊन आला की ते पहिला प्रश्न विचारत, 'डिझेल हाय का?' तीच सवय. टोपण उघडून आत डोकावले, "डिझेल हाय," म्हणाले (पेट्रोलला ते जन्मभर डिझेलच म्हणत आले), टोपण लावलं, किल्ली फिरवली. गाडी सुरू! थोडं अंतर गेली, पुन्हा गचके, पुन्हा थांबली. पुन्हा डिझेल हाय, पुन्हा सुरू.

मला त्याच क्षणी उमगलं. फडकं टाकीत फिरतंय, नळीच्या तोंडावर चिकटतंय, इंजिन थांबलं की सुटतंय. मी स्कूटीवरून मागं मागं होतो. हेल्मेटच्या आत माझे कान तापले.

मग उन्हाळाभर तात्यांनी त्या गाडीचं जे केलं ते पाहवत नसे. प्लग बदलले. कॉइल बदलली. कार्बोरेटर परातीत सोडवून एकेक छिद्र स्टोव्हच्या पिनेनं मोकळं केलं. त्यात राख सापडली तेव्हा केवढे खूश झाले, "घावला चोर!" चोर घावला नव्हता. सलीम मिस्त्री म्हणाले, "गरमी से पेट्रोल की भाप बनतीय, तात्या," तर इंजिनाच्या पंपावर ओलं गोणपाट गुंडाळून गाडी फिरवून आणली. ती गोणपाटासकट थांबली. तात्यांच्या हातांना भेगा पडल्या. चष्म्याच्या काड्यांना ग्रीस. मी शेजारी बसून बॅटरी धरायचो, पाना द्यायचो आणि ते "सर, काय आसंल हो?" म्हणाले की "कळत नाही" म्हणायचो.

एकदा दमून बसल्यावर म्हणाले, "सर, तुमी लई सोसता हो माझ्यासाठी."

त्या दिवशी मी जेवलो नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी काकू नवं हिरवं लुगडं नेसून, हातात बांगड्या भरून, पिशवी घेऊन ओट्यावर आल्या. तात्यांनी घोषणा केली, पण आवाज नाकातून आलाच नाही, घशातून आला. काकू बसल्या. पदर डोक्यावरून घेऊन कानामागं खोचला. मी मागं स्कूटीवर.

कन्हेरवाडी गेली. चढ आला. मी वैजनाथाला म्हणत होतो, खरा असशील तर आता दाखव. अंबाजोगाईच्या अलीकडं चढाच्या ऐन मध्ये गाडीनं गचके खाल्ले आणि ती रस्त्याच्या कडेला लागली.

काकू समोर पाहत बसून राहिल्या. उतरल्या नाहीत. खुरपणीला निघालेल्या बायांची एक ट्रॉली शेजारून गेली. वरच्या बाया वाकून हिरव्या लुगड्याकडं पाहत गेल्या. तात्यांनी टोपण उघडलं, टाकीत पाहिलं, टोपण काकूंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "गाडी..." पुढचे शब्द त्यांना सापडेनात. पहिल्यांदाच.

मग मी बोललो. कसं, ते आठवत नाही. एवढं आठवतं की तात्यांकडं न बघता टायरकडं बघून बोललो. "टाकीत फडकं आहे. पाडव्यापासून. माझ्या हातून पडलं."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग टाकीकडं. मग कुंपणाची एक तार उपटून आणली, तिला आकडा केला आणि गाडीवर ओणवं होऊन टाकीत घातली. बऱ्याच खटपटीनं पिवळं फडकं बाहेर आलं. ते दोन्ही हातांनी धरून, बाळ दाखवावं तसं त्यांनी काकूंना दाखवलं.

"बगा! गाडीचा दोष न्हाई! गाडीला काय बी झालं न्हाई!" आणि मला मिठी मारली. पेट्रोलसकट. "सर, कावून न्हाई सांगितलं हो? चार महिने मी हिला शिव्या देत हुतो."

काकू म्हणाल्या, "मिठ्या मारायच्या आसतील तं म्या स्कूटीवर जाते."

पुढं गाडी जी निघाली ती निघाली. अंबाजोगाईतून गेली, चौकात माणसं बघत राहिली, शेतांतून गेली आणि कुठंही न थांबता वडगावात मेहुण्याच्या दारात जाऊन उभी राहिली. काकू उतरल्या. भाऊ पुढं आला.

"अक्का, हातात काय ते? आहेर आणला का आमाला?"

काकूंच्या मुठीत टाकीचं टोपण होतं. आनंदाच्या भरात कुणी लावलंच नव्हतं.

त्या दुपारी तात्यांनी ओसरीवर बसून फडक्याची गोष्ट वडगावला सांगितली. मेहुणा पोट धरून हसला, पण माझ्यावर. तात्या ताठ बसून जेवले, पुरणाची दिंडं मागून घेतली. मी खाली मान घालून बसलो होतो, आणि लपवत नाही, मला आत हलकं वाटत होतं. माफी मिळालेल्या माणसाला पंगतीत एक वेगळी जागा असते.

काकू माहेरी राहिल्या. आम्ही दोघं परतलो, तात्या गाडीत, मी मागं. आता टोपण घट्ट लावलेलं होतं. चढ उतरून आल्यावर गाडी गचके खाऊन थांबली.

तात्या उतरले. टोपण फिरवलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, वाराही नव्हता, म्हणून मला ऐकू आलं. टाकीनं 'सूंऽऽ' करून हवा आत ओढली. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल अडतं. दुसरं पाडावं लागतं, हवेसाठी. तात्यांनी ते दुसरं भोक बुजवलं होतं. आणि दर वेळी 'डिझेल हाय का' पाहायला टोपण उघडून तेच गाडीला श्वास देत होते. माझं फडकं बिचारं टाकीच्या कोपऱ्यात झोपून होतं.

तात्या क्षणभर टोपण हातात धरून उभे राहिले. मग लावलं, बसले, निघाले. काही बोलले नाहीत. मीही नाही. मला वाटलं, त्यांना कळलेलं नाही, आणि कळू नये. वडगावच्या ओसरीवर ज्या मानानं ते बसले होते, तो मान माझ्या फडक्यावर टेकलेला होता.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना मी खिळा तापवून त्या लांबीतून बारीक भोक पाडलं. त्यानंतर गाडी कधी थांबली नाही.

फडक्याची गोष्ट मात्र वाढत गेली. फडक्याचा टॉवेल झाला, टॉवेलचं धोतर झालं. कॉलेजात नवे प्राध्यापक ओळख करून घेताना म्हणायचे, "तुम्हीच का ते धोतरवाले?" मी हसायचो. लोकांना वाटायचं, काय सोसतो हा माणूस. खरं तर मला ते आवडायला लागलं होतं. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगणं फार सोपं असतं, आणि त्याच्याआड केलेला गुन्हा दिसत नाही. बिघाड माझा नव्हता. पण चार महिने मी तो माझाच समजत होतो आणि भेगाळलेल्या हातांत पाना देत गप्प बसलो होतो. त्याबद्दल मला कुणी काही म्हणालं नाही, कारण सगळे फडक्याला हसत होते.

पुढच्या पंचमीला मेहुणा न कळवता मुराळी म्हणून दारात हजर. "यंदा आरामात चल अक्का, एसी हाय." काकूंची पिशवी त्यानं स्वतःच उचलून पांढऱ्या गाडीत ठेवली. मी लाल गाडी पुसत होतो. मला पाहून तो म्हणाला, "दाजी, ह्या धोतरवाल्याला अजून घरात ठिवलंय कावून? पुढच्या टायमाला लुगडं टाकीत टाकंल. डोकं ठिकाणावर न्हाई बेण्याचं."

मी हसण्यासाठी तोंड उघडलं. तात्या ओट्यावरून खाली आले.

"पाहुणे, सरांना काय म्हनू नका. फडक्यानं काय बी झालं न्हवतं. टोपनाचं भोक मीच बुजवलं हुतं. गाडी माझ्यामुळं थांबायची."

मी तात्यांकडं पाहिलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी, येताना. तुमी खिळा तापवलेला बी कळला."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलू सर? तुमी इतक्या हौसेनं गुन्हेगार झाल्ता."

मला राग यायला हवा होता, किंवा सुटल्यासारखं तरी वाटायला हवं होतं. यातलं काहीच झालं नाही. खिशातलं काही काढून घेतल्यासारखं वाटलं. फडकं गेलं, टॉवेल गेला, धोतर गेलं. उरले ते चार महिने, आणि ते आता उघड्यावर आले. मी म्हणालो, "तात्या, पण मला तर वाटत होतं ना की माझ्यामुळंच आहे. तरी मी गप्प बसलो."

"हां," तात्या म्हणाले. "त्ये मातर वाईट केलं तुमी." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. थाप जोरात होती.

तोवर मेहुण्याला हसू आवरेनासं झालं होतं. "म्हंजे दाजी, गाडी बी डुप्लिकेट अन् मालक बी! स्वतःच बुच मारायचं अन् स्वतःच चार महिने शोधायचं!" गल्लीतले दोघंतिघंही हसले. तात्या खाली पाहत बोटानं रंगावरची राख टिपत राहिले.

काकू घरातून आल्या. कुणाशी काही न बोलता त्यांनी पांढऱ्या गाडीचं दार उघडलं, पिशवी बाहेर काढली, लाल गाडीत पायाशी ठेवली आणि आत बसल्या.

"तू हो म्होरं," त्या भावाला म्हणाल्या. "आमी येतो मागून."

"अक्का, अगं मधी कुठं थांबली तं?"

"थांबली तं थांबली. आता कुनाला ड्युटी हाय?"

तात्या अजून उभेच होते. काकूंनी शेजारच्या सीटवर हात आपटला.

"बसा की. का पुकारावं लागतंय?"